जुनी छोटी मोटरहोम घेतल्यावर आधी काय दुरुस्त करावे आणि नवे काय बसवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून आपण २०१४ सालची, आखूड व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी असलेली) टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली आहे आणि आधीच्या मालकाने ती एका खासगी वर्कशॉपमधून मोटरहोम करून घेतलेली आहे. नाशिकला आणल्यापासून मागच्या पलंगाजवळची डावी भिंत ओली राहते आणि कुबट वास येतो. रात्री पंखा, दिवे आणि छोटा फ्रिज चालवला की पहाटेपर्यंत हाऊस बॅटरी, म्हणजे राहण्याच्या भागाला वीज देणारी बॅटरी, उतरते. कसारा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि मोकळ्या जागेत उभी केली तरी गाडी डावीकडे किंचित कललेली दिसते. दिवाळीनंतर आपल्याला दोघांनाच कोकणात आणि पुढे कच्छला जायचे आहे, म्हणून लिथियम बॅटरी, ४०० वॅटचे सोलर आणि एसी लगेच बसवावा का, असे आपण विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे की या तिन्ही गोष्टींची खरेदी तूर्त थांबवावी. आपण तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या असल्या, तरी वर्णन वाचता त्यांचे मूळ बहुधा एकच आहे, आणि ते म्हणजे गाडीच्या डाव्या-मागच्या कोपऱ्यात साठलेले वजन. गाडी डावीकडे आणि मागे झुकली की टपावरचे पावसाचे पाणी त्याच कोपऱ्यात तुंबते, तुंबलेले पाणी जुन्या सीलंटमधून आत उतरते, ओल खाली पलंगाच्या पेटीत पोहोचते, आणि अशा गाड्यांमध्ये बॅटरी बहुतेक वेळा त्याच पेटीत ठेवलेली असते, त्यामुळे तिचे टर्मिनल आणि लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) गंजतात आणि ती नीट भरत नाही. मागच्या चाकांवर मर्यादेपेक्षा जास्त भार असेल तर घाटात ब्रेक तापणारच. हे अनुमान आहे आणि ते तपासून पाहता येते. तपासणीला फारसा खर्चही येत नाही.

सुरुवात वजनकाट्यावर करावी. अंबड, सातपूर, आडगाव, सिन्नर, जिकडे मालाची ने-आण आहे तिकडे वजनकाटा सापडतो. आपण प्रवासाला जाल तशी गाडी भरावी, म्हणजे पाण्याची टाकी पूर्ण, डिझेलची टाकी पूर्ण, सिलिंडर, भांडी, कपडे, अंथरूण आणि आपण दोघे. आधी संपूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. काट्याच्या बाजूची जमीन काट्याच्या पातळीत असेल आणि काटेवाला परवानगी देत असेल, तर फक्त डावी चाके काट्यावर घेऊन चौथे वजनही घ्यावे. एकूण वजनातून ते वजा केले की उजव्या बाजूचा भार कळतो. सर्व पावत्या जपून ठेवाव्यात. आरसीवर आणि उत्पादकाच्या पट्टीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. एकूण आकडा मर्यादेत बसला तरी निर्धास्त होऊ नये, कारण मागच्या ॲक्सलची, म्हणजे मागची चाके जोडणाऱ्या आसाची, मर्यादा वेगळी असते आणि घरासारखी सजवलेली गाडी बहुधा तिथेच नापास होते.

याचे कारण साधे गणित आहे. आपल्या गाडीचा व्हीलबेस ३.०५ मीटर धरू. मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे १०० किलोची वस्तू ठेवली, तर मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे तर सुमारे १३३ किलो भार वाढतो आणि पुढच्या ॲक्सलवरचा ३३ किलो कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी आणि सिलिंडर शक्यतो दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणि खाली घ्यावेत. आपल्याकडे स्वयंपाकाचा ओटा डावीकडे आहे असे आपण लिहिले आहे. टाकी आणि बॅटरीही डावीकडेच असतील, तर टाकी उजवीकडे हलवणे हीच या गाडीची पहिली आणि सर्वांत किफायतशीर सुधारणा ठरेल. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, आणि गाडी वळताना ते स्थिर राहत नाही, म्हणून टाकीत पाण्याचा हेलकावा अडवणारे आडवे पडदे असावेत किंवा एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या घ्याव्यात.

वजनाचा दुसरा मोठा भाग सुतारकामात असतो. घरच्या किचनचे फर्निचर करणारे कारागीर सवयीने १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर सनमायका लावतात. आठ बाय चार फुटांचा असा एक पूर्ण तक्ता सुमारे ३५ किलोचा होतो आणि अशा गाडीत चार-पाच तक्ते सहज जिरतात. ज्या फळ्यांवर भार येत नाही, म्हणजे कपाटांची दारे, पाठी आणि आडोसे, त्या ६ किंवा ९ मिलिमीटरच्या असल्या तरी पुरते. पलंगाची चौकट ॲल्युमिनियमच्या सेक्शनची करावी. एमडीएफ गाडीत अजिबात ठेवू नये. त्याला ओल लागली की ते फुगते आणि स्क्रू धरत नाही. काढलेली प्रत्येक वस्तू घरच्या काट्यावर तोलून वहीत लिहिली, तर दोन आठवड्यांत चित्र आपोआप स्पष्ट होते.

आता चाके आणि ब्रेक. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर कडक होऊन बाजूला बारीक चिरा पडतात. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही चांगली असली तरी मी लांबच्या प्रवासाला वापरू देत नाही, आणि यात स्टेपनीही धरावी. हवा टायर थंड असताना आणि वजनकाट्यावर मिळालेल्या ॲक्सलभारानुसार भरावी.

मागच्या कमानी (चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगा) बसल्या असतील तर गॅरेजवाला एक पाटा वाढवून देतो म्हणेल. त्याने गाडी उचललेली दिसेल, पण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता तेवढीच राहते आणि आरसीवरची मर्यादाही बदलत नाही. आधी वजन उतरवावे, मग तुटलेला किंवा सरळ झालेला पाटा मूळ मापाचा बदलावा, बुश आणि शॅकल पाहावेत, शॉकॲब्सॉर्बर गळतात का ते तपासावे. मागच्या ॲक्सलला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह आपल्या गाडीत असेल, तर कमानीचे काम झाल्यावर त्याची सेटिंग पुन्हा करून घेणे आवश्यक आहे. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

घाटातल्या वासाबद्दल: ड्रम उघडून लायनर किती उरले, ते काचेसारखे चकचकीत झाले आहेत का, व्हील सिलिंडर ओले आहेत का आणि हँडब्रेक सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, हे चारही चाकांवर पाहावे. नुकत्याच चालवलेल्या गाडीच्या एका ड्रममधून इतरांपेक्षा ठळकपणे जास्त धग येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकतो आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की पेडल पायाखाली दबत जाते आणि ब्रेक लागत नाही. आधीच्या मालकाने ते कधी बदलले याचा पुरावा नसेल तर ते पूर्ण बदलून एअर काढून घ्यावी, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलावे. कसारा असो की सप्तशृंगीचा घाट, ज्या गिअरमध्ये गाडी तो चढेल त्याच गिअरमध्ये उतरवावी. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून कधीही उतरू नये, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन पेडलांत संपते.

यानंतर ओल, आणि या कामाला सर्वांत जास्त धीर लागतो. आधी हे ठरवावे की पाणी बाहेरून येते आहे की आतच तयार होते आहे. दोन माणसे बंद गाडीत झोपली की रात्रभरात श्वास आणि घामावाटे अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ हवेत जाते आणि डिसेंबर-जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत ती पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपात जमते. अशी ओल सर्व उघड्या पत्र्यावर सारखी पसरते, सकाळी दिसते आणि ऊन चढले की जाते. गळतीची ओल एका ठिकाणी राहते, प्लायवर तपकिरी कडा असलेला डाग सोडते आणि पावसानंतर वाढते. आपल्या वर्णनावरून ही गळतीच दिसते.

गळती शोधताना डाग आहे तिथेच भोक असेल असे मानू नये. टपाच्या आतल्या आडव्या कमानीवरून पाणी दोन-तीन फूट वाहत जाऊन मग खाली उतरते. पलंगाजवळचे पॅनेल आणि इन्सुलेशन काढून पत्रा उघडा करावा आणि पुसून कोरडा करावा. संशयित जोडांखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवाव्यात, कारण कागदावर पहिला थेंबही लगेच उमटतो. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने, जोर न लावता, खालून वर पाणी सोडत जावे: आधी मागच्या दाराचे रबर, मग खिडकीची बीडिंग, मग टपाच्या कडेची पन्हळ, आणि शेवटी टपावरचे कॅरियर, फॅन आणि सोलरच्या ब्रॅकेटचे स्क्रू. प्रत्येक जागेला दहा मिनिटे द्यावीत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. हे पाहताना गाडी आत्ता कलते तशीच कललेली राहू द्यावी. एकदा तशी आणि एकदा डाव्या चाकांखाली फळ्या घालून सपाट करून तपासले, तर कलण्याचा वाटा किती तेही कळेल. माझ्या अनुभवात दोषी बहुतेक वेळा आधीच्या मालकाने टपाला आरपार मारलेला एखादा स्क्रू असतो, ज्यावर सिलिकॉनचा गोळा चढवलेला असतो.

सिलिकॉनबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. हार्डवेअरच्या दुकानात प्रथम तेच हातात दिले जाते. त्यावर रंग बसत नाही, दुसरे सीलंट चिकटत नाही, आणि गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी ते कडेने सुटते पण जागेवर दिसत राहते, म्हणून गळती लपते. जुने सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पूर्ण काढावे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी. गंज असेल तर तारेच्या ब्रशने चकचकीत पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच सील करावे. ब्रॅकेटखाली ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी आणि उघड्या जोडावर उन्हाला टिकणारे एमएस पॉलिमर सीलंट हा मेळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पॉलियुरेथेन सीलंटही चांगली पकड देते, पण थेट उन्हात ते पिवळे पडून वरून भुकटी सुटते, म्हणून त्यावर रंग हवा. दोन्ही प्रकार हवेतल्या आर्द्रतेने हळूहळू, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर असे आतपर्यंत घट्ट होतात. त्यामुळे काम झाल्याच्या संध्याकाळी गाडी धुऊन पाहू नये.

गळती बंद झाल्यावर लगेच पॅनेल लावू नयेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस झेललेल्या गाडीत दाराच्या आणि उंबऱ्याच्या पोकळ पत्र्यात पाणी साठून राहते, कारण खालची निचऱ्याची भोके रंगाने किंवा फोमने बुजलेली असतात. ती बारीक तारेने मोकळी करावीत. पेचकसच्या टोकाने फरशीचा प्लाय टोचून पाहावा. टोक सहज रुतले तर तेवढाच भाग नव्हे, तर चहूबाजूंनी कोरडे लाकूड लागेपर्यंत आणखी वीतभर कापून काढावे. ऑक्टोबरचे ऊन या कामासाठी उत्तम आहे. दारे उघडी ठेवून गाडी आठवडाभर वाळू द्यावी, मग पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारे मेण) मारावे. इन्सुलेशनसाठी पाणी न शोषणारा, पत्र्याला पूर्ण चिकटणारा बंद पेशींचा फोम वापरावा. ग्लासवूल ओल धरून ठेवते, थर्माकोल सहज पेटते, आणि पोकळीत फवारलेला पीयू (पॉलियुरेथेन) फोम पाणी कायमचे अडकवतो.

विजेकडे वळताना आधी आहे ती बॅटरी खरोखर खराब आहे का ते पाहावे. रात्री चार्जिंग बंद करून, सर्व भार सोडवून काही तास विसावलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ ला अर्धी आणि १२ च्या खाली जवळपास रिकामी समजावी. मग सर्व उपकरणे बंद करून मल्टिमीटर निगेटिव्हच्या वायरमध्ये लावावा आणि किती करंट वाहतो ते पाहावे. घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो एक अँपिअरच्या आसपास खातो. दहा तासांत ते दहा अँपिअर-तास झाले आणि त्यातून काहीही चाललेले नसते. स्थानिक वर्कशॉपमध्ये केलेल्या गाड्यांत फ्रिज, दिवे आणि मोबाइलचे चार्जर, सर्व काही इन्व्हर्टरवरून २३० व्होल्टवर चालवलेले असते. हे सर्व थेट १२ व्होल्टवर आणावे आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सर किंवा लॅपटॉपच्या वेळी चालू करावा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच पहाटेची तक्रार संपते.

दुसरे कारण वायरची जाडी. एक उदाहरण घेऊ. फ्रिज ५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ४ मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर तांबे. १ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर वाटेत ०.७ व्होल्ट पडतो, बॅटरी १२.१ व्होल्टवर आली की फ्रिजला ११.४ व्होल्टच मिळतात आणि तो बॅटरी संपल्याचे समजून बंद होतो, किंवा कॉम्प्रेसर सुरू होण्याचा निष्फळ प्रयत्न करत राहतो. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची केली तर घट ०.२८ व्होल्टवर येते. त्यावर जर लग हातोडीने ठोकून बसवलेले आणि टेप गुंडाळलेले असतील, तर जोडागणिक आणखी घट होते. हायड्रॉलिक क्रिम्पिंग करणाऱ्याकडून नवे टिनचे लेप असलेले लग लावून घ्यावेत. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट असलाच पाहिजे. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत असावा, कारण फ्यूजच्या आधीची वायर पत्र्याला घासली तर तिला अडवणारे काहीच नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिक-औरंगाबाद रस्त्यावर मिरची चौकात खासगी बसला अपघातानंतर लागलेली आग नाशिककरांना आठवते. कारण कोणतेही असो, झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला क्षण थोडे असतात. म्हणून मागचे दार पलंगामुळे अडणार नाही आणि आतून उघडेल हे पाहावे, आणि एबीसी पावडरचे अग्निशामक दाराजवळ, आतून आणि बाहेरून हात पोहोचेल असे लावावे.

हे झाल्यावर लिथियमचा विचार करावा, आणि तो मी उत्साहाने सुचवतो, कारण त्याने वजन खूप उतरते. इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी भरल्यावर ५० किलोच्या पुढे जाते, तिचा निम्माच साठा वापरावा लागतो आणि चार्जिंग करताना ती हायड्रोजन सोडते, त्यामुळे झोपण्याच्या जागेत ती ठेवणे मला मान्य नाही. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२-१३ किलोची असते आणि १२.८ व्होल्टने सुमारे १२८० वॅट-तास देते. आपला रोजचा वापर मोजू: छोटा कॉम्प्रेसर फ्रिज उष्णतेत ४०० ते ४५०, पंखा आठ तास २००, दिवे आणि पंप १००, दोन मोबाइल ५०, म्हणजे ८०० वॅट-तास. एक बॅटरी पुरते. ती भरायला २०० वॅटचे पॅनेल आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात, टपावर सपाट ठेवून, नुकसान वजा जाता रोज ७०० ते ७५० वॅट-तास देते, आणि ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर दोन तासांच्या प्रवासात जवळपास तेवढीच भर घालतो. ४०० वॅटची गरज मला दिसत नाही. कोकणात माडाखाली गाडी लावली तर दोन्ही पॅनेल सारखीच निरुपयोगी ठरतात आणि टपावरचे वजन मात्र वाढते. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती जेवढा मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधला डीसी-डीसी चार्जर त्यासाठीच आहे. त्याच्याबरोबर शंट असलेला, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा, मॉनिटर घ्यावा, कारण लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि त्यावरून साठा कळत नाही. मे महिन्यात बंद गाडीत तापमान ४५ अंशांच्या पुढे सहज जाते, म्हणून बॅटरी इंजिनपासून दूर आणि वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावी.

बाहेरून वीज घेण्याचा सॉकेट असेल तर त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावून घ्यावा, गाडीचा पत्रा अर्थिंगला जोडावा आणि ती वीज व इन्व्हर्टर यांच्यात चेंजओव्हर स्विच ठेवावा. मुक्कामाच्या ठिकाणी प्लग लावण्याआधी त्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते टेस्टरने पाहण्याची सवय लावावी.

एसीबद्दल थोडक्यात. एक टनाचा इन्व्हर्टर एसी चालताना ८०० ते १००० वॅट घेतो. पाच तासांचे चार ते पाच युनिट होतात आणि वर सुचवलेल्या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट असते. बाहेरच्या विजेवर चालवायचा असेल तर बसवावा, अन्यथा नाही. कच्छ आपण थंडीत पाहणार आहात आणि कोकणात रात्री वारा असतो. टपावरचा १२ व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन, खिडक्यांना जाळ्या आणि बाहेरून बसणारे ऊन-पडदे यांनी आपले काम भागेल.

गॅसचे काम कुशल माणसाकडूनच करून घ्यावे, पण काय पाहायचे ते आपल्याला ठाऊक असावे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साठतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, कप्पा आतल्या खोलीकडून हवाबंद असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असावे. १४.२ किलोचा सिलिंडर आपल्या दोघांसाठी अनावश्यक आणि जड आहे, पाच किलोचा पुरे. रबरी नळीवरची तारीख पाहून पाच वर्षे उलटली असतील तर ती बदलावी, आणि गळती फक्त साबणाच्या पाण्याने तपासावी. गॅस डिटेक्टर फरशीजवळ आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीजवळ लावावा. आपल्या यादीत गॅस गिझर आहे, तो कृपया काढून टाकावा. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गिझर बंद बाथरूममध्येही जीव घेतो. गाडीत तर हवा त्याहून कमी असते. आंघोळीला चुलीवर किंवा बाहेरच्या विजेवर पाणी तापवावे. थंडीत ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नये.

पाण्याच्या टाकीचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ६० लिटर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे ६० मिलिलिटर द्रावण घातले की क्लोरीनचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम होते. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवावा, काही तास तसेच ठेवावे आणि मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. आतली हिरवट पारदर्शक बागेची नळी काढून खाद्य दर्जाची अपारदर्शक नळी घालावी, नाहीतर उजेडाने शेवाळ पुन्हा धरते. सांडपाण्याची टाकी बसवून ती गटारातच रिकामी करावी. गंगापूर धरणाच्या काठावर किंवा गोदावरीच्या पात्रात ती सोडणे, साबण कितीही थोडा असला तरी, मला सहन होत नाही.

राहिली कागदपत्रे, आणि ती वरच्या कामांबरोबरच सुरू करावीत. आरसीवर वाहनाचा वर्ग आणि आसनसंख्या काय लिहिली आहे ते नीट वाचावे. प्रवासी वाहन म्हणून नोंद असलेली गाडी आत पलंग आणि ओटा बसवून वापरली जात असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो, कारण आरसीवरचा तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास त्या कलमाने मनाई केली आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. नाशिकच्या एमएच १५ आरटीओ कार्यालयात फॉर्म २९ आणि ३० देऊन नाव बदलताना याच वेळी वर्गाचीही विचारणा करावी. नव्या मालकाला हस्तांतराची माहिती देण्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. कर्जाची नोंद असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र आधीच्या मालकाकडून घ्यावे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात गाडीत गॅस, बॅटरी आणि फर्निचर बसवलेले आहे हे लेखी, फोटोंसह कळवावे. विमा कंपनीने ते मान्य करून पॉलिसीवर तशी नोंद दिल्याशिवाय गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.